हुसेन यांचे डोळे आणि आपली नजर

मकबूल फिदा हुसेन हे नाव मराठी मुसलमानाच्या घरात निघाले की गप्पा चित्रांवर फारशा होत नाहीत. त्या एक तर अभिमानावर जातात, नाही तर वादावर. 'आपला माणूस, पंढरपूरचा, साऱ्या जगात गाजला,' असे एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, 'नसत्या भानगडीत कशाला पडला? त्याच्यापायी आपल्यालाच बोलणी खावी लागली.' ही दोन्ही वाक्ये बोलण्यासाठी हुसेन यांचे एकही चित्र पाहिलेले असण्याची गरज नसते. आपल्या समाजाने हुसेन ऐकले. पाहिले फार थोड्यांनी. चित्रकाराच्या वाट्याला याहून मोठी उपेक्षा कोणती यावी?

ही उपेक्षा दूर करायची तर सुरुवात कुठून करावी? हुसेन यांची मूळ चित्रे आपल्या गावात येणार नाहीत. ती संग्रहालयांत आहेत, धनिकांच्या भिंतींवर आहेत. त्यांचे 'ग्रामयात्रा' हे १९५४ चे चित्र कित्येक वर्षे नॉर्वेतील ऑस्लोच्या एका रुग्णालयात होते आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. त्या वेळी ती किंमत आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी छापली, घरोघर तिची चर्चा झाली. त्या चित्रात काय आहे याची चर्चा मात्र झाली नाही. पण हुसेन यांची एक कृती अशी आहे की ती वारूळवाडीच्या माणसालाही जशीच्या तशी पाहता येते. १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' हा सुमारे सतरा मिनिटांचा कृष्णधवल अनुबोधपट. त्याच वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात लघुपटांसाठीचे 'सुवर्ण अस्वल' हे पारितोषिक त्याला मिळाले.

चित्रकारावर काढलेल्या अनुबोधपटाचा एक ठरीव साचा असतो. जन्मगाव, आईवडील, हलाखीचे दिवस, पहिले प्रदर्शन, मानसन्मान, आणि अधूनमधून कुंचला हाती घेतलेला कलावंत. मागून एक भारदस्त आवाज आपल्याला सांगत असतो की हे महान आहे. सुनील काळदाते यांनी १९९५ मध्ये वासुदेव गायतोंडे यांच्यावर केलेला अनुबोधपट हा साचा बराच बाजूला ठेवतो. तिथे गायतोंडे फार थोडे बोलतात आणि त्यांच्या मौनालाच मान मिळतो. तरीही त्यात आपण चित्रकाराकडे पाहत असतो. हुसेन यांच्या अनुबोधपटात आपण चित्रकाराकडे पाहत नाही; तो जिकडे पाहतो तिकडे पाहतो. सुरुवातीला तो थोडक्यात सांगून टाकतो की यात गोष्ट नाही; बुंदी, चितोड, जैसलमेर या भागांतून जाताना मनावर उमटलेले ठसे तेवढे आहेत. त्यानंतर निवेदन थांबते. उरतात त्या प्रतिमा आणि विजय राघव राव यांचे संगीत. छत्री येते, कंदील येतो, एक जोडा येतो, शेळी येते, गाय येते, गढीच्या भिंती आणि माणसे येतात. पुन्हा छत्री, पुन्हा कंदील.

त्या काळच्या प्रेक्षकाला हे किती चमत्कारिक वाटले असेल, याची कल्पना करायला हवी. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवणे बंधनकारक होते. धरण, खत, कुटुंबनियोजन, पंचवार्षिक योजना असा त्यांचा विषय आणि सरकारी आवाजातले निवेदन. प्रेक्षकाला काय पाहायचे ते आधी सांगितले जाई, मग दाखवले जाई. साठच्या दशकात जहांगीर भावनगरी यांच्यासारख्या जाणकाराने काही नव्या मंडळींना मोकळीक दिली, हुसेन यांच्या हाती कॅमेरा आला आणि सरकारी खर्चाने, सरकारी संस्थेत, निवेदनाचा आवाज बंद झाला. मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवून ज्याने उमेदवारीचे दिवस काढले, त्याने सिनेमाला परत केलेले हे देणे होते. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. तिच्या पदरी जमा असलेल्या पुण्यकर्मांत हा अनुबोधपट फार वरचा आहे.

आता प्रश्न असा की, असा मुका चित्रपट सामान्य माणसाला कळतो का? 'कलात्मक आहे, आपल्याला काय कळणार,' हे वाक्य आपल्या समाजात नम्रतेने बोलले जाते. पण त्याच्या पोटात एक न्यूनगंड असतो. कला ही शिकलेल्यांची, मुंबई-दिल्लीची, गोऱ्यागोमट्यांची, असा तो न्यूनगंड. तो किती खोटा आहे हे मला वारूळवाडीत दिसले. एका घरी आम्ही दहा-बारा जणांनी हा अनुबोधपट टीव्हीवर एकत्र पाहिला. त्यात हुसेन यांचे चित्र पूर्वी पाहिलेले असे एक-दोघेच होते. पाहून झाल्यावर ते जे बोलले, ते माझ्या दृष्टीने समीक्षेइतकेच मोलाचे आहे.

पहिल्या पाच मिनिटांत चुळबुळ झाली. एक खाला म्हणाल्या, 'इसमें कोई बोलताच नय क्या?' पण कंदील दिसला आणि त्या सावरून बसल्या. नंतर म्हणाल्या, 'हम रोज शाम कू राख लेके कंदील की काच पुसते थे. एक बार हाथ कटा था.' त्यांनी हात पुढे करून ती खूणही दाखवली. हुसेन यांचे आजोबा दिवे-कंदील बनवण्याचा व्यवसाय करीत. हुसेन यांच्या चित्रांत कंदील जन्मभर येत राहिला तो तिथून. खालांना हे ठाऊक नव्हते. तरी कंदील हा कुणाच्या तरी हाताचा, कुणाच्या तरी संध्याकाळचा आहे, हे त्यांना थेट कळले. आस्वादाची पहिली पायरी हीच. वस्तू पडद्यावर असते आणि तिचा माणूस आपल्या मनात उभा राहतो.

टोमॅटोच्या व्यापारातला एक तरुण होता. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट ओळीने लागतात आणि खरीददार वरवर नजर फिरवून माल पारखतो. रंग किती चढला, तोडून किती वेळ झाला, किती लांबच्या बाजारात टिकेल, हे तो बोलून नाही, पाहून ठरवतो. या तरुणाने विचारले, 'यांनी छत्री एवढा वेळ का दाखवली? मला आधी कंटाळा आला, मग वाटले की छत्री अशी कधी बघितलीच नव्हती.' याहून नेमके या कलाकृतीबद्दल काय सांगता येईल? आपण वस्तू वापरतो म्हणून ती पाहत नाही. छत्री पावसापुरती, जोडा पायापुरता. हुसेन त्यांना कामावरून सोडवतात आणि नुसते उभे करतात. ज्याचे पोट नजरेवर चालते त्या माणसाला ही गोष्ट कलाशाळेत शिकावी लागली नाही.

तिसरा प्रेक्षक तमाशाच्या फडात अनेक वर्षे काम केलेला. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. जत्रांच्या हंगामाआधी तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचे हे गाव, आणि त्यांचा जन्म खुद्द पंढरपुरातला, म्हणजे हुसेन यांच्याच जन्मगावचा. हा गृहस्थ म्हणाला, 'हा तर वग नसलेला तमाशा झाला. आधी गण म्हटला, मग नुसती गवळण.' सगळे हसले. पण हे विधान हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तमाशाचा पूर्वार्ध गोष्टीशिवाय चालतो. गण, गवळण, बतावणी, लावणी, यांत कथानक नसते आणि तरी हजारो माणसे मातीत बसून ते पाहतात. ढोलकीचा बोल, पायाचा ठेका, पदराचा झोका यांत त्यांचे मन रमते. म्हणजे गोष्टीवाचून रस घेण्याची सवय आपल्या मातीत आधीपासून आहे. जेजुरीच्या सगनभाऊंसारख्या मुसलमान शाहिराने लावणी रचली ती याच प्रेक्षकासाठी. 'नवे' म्हणून ज्याची आपण धास्ती घेतो ते पुष्कळदा आपल्याच जुन्या खेळाचे दुसरे नाव असते.

चौथी प्रतिक्रिया मात्र कौतुकाची नव्हती. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी म्हणाली, 'त्या बायका कोण? शेळीसारख्या, छत्रीसारख्या त्यासुद्धा नुसत्या दाखवल्यात. त्यांना कोणी काही विचारलेच नाही.' हा आक्षेप मला मान्य आहे. या अनुबोधपटाची मर्यादा तिथेच आहे. वस्तूंना कामावरून सोडवणे ही मुक्ती आहे. माणसांना त्यांच्या कामापासून, कष्टापासून, बोलण्यापासून वेगळे काढून नुसते उभे करणे ही मुक्ती नव्हे. राजस्थानातल्या त्या वाळवंटात पाण्याचा प्रश्न असणार, कर्ज असणार, जातीची उतरंड असणार. चित्रकाराच्या डोळ्यांना ती दिसत नाही, किंवा दिसली तरी चौकटीत येत नाही. दुरून आलेल्या प्रवाशाला दारिद्र्यही सुंदर दिसू शकते, हा धोका इथे टळलेला नाही. विजय राघव राव यांचे संगीत गोड आहे, आणि काही ठिकाणी हा गोडवाच आपल्याला विचार करू देत नाही.

तय्यब मेहता यांचा 'कूडल' शेजारी ठेवला की ही मर्यादा अधिक स्पष्ट होते. तो १९७० सालचा, फिल्म्स डिव्हिजनचाच, तितकाच छोटा, आणि त्याचाही कर्ता चित्रकार व मुसलमान. तय्यब मेहता यांनी फाळणीच्या काळात मुंबईच्या महंमद अली रस्त्यावर एका माणसाला जमावाने मारताना घराच्या खिडकीतून पाहिले होते. तो माणूस त्यांच्या चित्रांतून पुढे कधी गेला नाही. 'कूडल'मध्ये त्यांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यातला बैल दाखवला. पाय बांधलेले, पाडलेले, धडपडणारे ते जनावर पाहताना प्रेक्षक नजर वळवू पाहतो आणि त्याला ती वळवता येत नाही. हुसेन यांच्या शेळीकडे आपण प्रेमाने पाहतो; मेहतांच्या बैलाकडे पाहताना आपण स्वतःकडे पाहू लागतो. हुसेन डोळे उघडतात. मेहता उघड्या डोळ्यांना झोपू देत नाहीत. मला दोन्ही हवे आहेत. पण क्रम असाच हवा. ज्याला छत्री नीट पाहता येत नाही, त्याला तो बैलही नीट पाहता येणार नाही.

पाचवा प्रश्न एका वयस्कर, नमाजी गृहस्थांचा होता आणि तो सर्वांत कठीण होता. ते म्हणाले, 'ये सब अल्लाह की बनाई चीजें हैं, देखने में क्या हर्ज? मगर तसवीर बनाना, वो अलग बात है ना?' इस्लाममधल्या प्रतिमानिषेधाचा हा प्रश्न आपण एक तर थट्टेने उडवून लावतो, नाही तर घाबरून टाळतो. दोन्ही गैर. प्रतिमेची पूजा होऊ नये, निर्मात्याशी बरोबरी करू नये, या मूळ चिंतेमागे एक गंभीर विचार आहे. पण मुसलमानांचा इतिहास केवळ निषेधाचा नाही, आणि त्याचा पुरावा शोधायला आपल्याला इराणात जाण्याची गरज नाही. वारूळवाडीपासून पंधरा-एक किलोमीटरवर जुन्नर आहे. १४९० साली मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती तिथे. त्या घराण्यातल्या पहिल्या हुसेन निजामशहावर आफ्ताबी नावाच्या कवीने 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे फारसी काव्य रचले. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. त्या चित्रांत बादशहाच्या शेजारी राणी खुंजा हुमायून होती. 'होती' असे म्हणतो, कारण बहुतेक चित्रांत तिची आकृती नंतर कोणीतरी पुसली किंवा रंग फासून झाकली. या राणीने नवऱ्याच्या पश्चात राज्यकारभार पाहिला आणि पुढे तिच्याच मुलाने, मुर्तझा निजामशहाने, तिला कैदेत टाकले.

म्हणजे चित्र काढणारे हातही आपलेच होते आणि पुसणारे हातही आपलेच. ज्या जुन्नरच्या कागदी कुटुंबांनी हातकागद बनवून दख्खनच्या दफ्तरांना पुरवला, त्यांना ठाऊक असणार की कागद काही ठरवत नाही. त्यावर काय उमटवायचे आणि काय पुसायचे हे माणूस ठरवतो. आपल्या परंपरेत सुलेखनही आहे, तसवीरही आहे आणि तिच्याविषयीचा संकोचही आहे. हुसेन यांनी बालपणी मदरशात कुफी लिपीचे वळण गिरवले होते. त्यांच्या रेषेचा जोर आणि फेक ज्याने पाहिली, त्याला हे निराळे सांगावे लागत नाही. त्यांचे घोडे मोहरमच्या मिरवणुकीतल्या दुलदुलची आठवण घेऊन येतात. इस्लामने हुसेन यांना काही दिले नाही, असे म्हणणारा माणूस त्यांच्या चित्राकडे पाहतच नाही.

त्या मुलीच्या आक्षेपाकडे इथे पुन्हा यावे लागते. हुसेन यांच्या चित्रांतल्या पुष्कळ बायकांना चेहरा नाही. आई त्यांच्या तान्ह्या वयातच वारली. तिचे एकही छायाचित्र नव्हते, तिचा चेहरा आठवत नव्हता. म्हणून बाईचा चेहरा आपल्याकडून कोरा राहतो, असे ते सांगत. निजामशाहीतली राणी कोणाच्या तरी हुकमाने चेहऱ्यावाचून राहिली, हुसेन यांची आई विरहाने. दोन्हींत फरक आहे, आणि तो पाहणाऱ्याला कळला पाहिजे. पण मुलीचे म्हणणे खोडून काढण्यासाठी मी ही हकीकत पुढे करणार नाही. कलावंताच्या दुःखामागे कारण असते म्हणून त्याच्या चौकटीतल्या बाईचा बोलण्याचा हक्क संपत नाही. एखाद्या कलाकृतीवर प्रेम करावे आणि तिला प्रश्नही विचारावा, याला आस्वाद म्हणतात. नुसते प्रेम म्हणजे भक्ती आणि नुसता प्रश्न म्हणजे फिर्याद.

हुसेन यांच्या वाट्याला भक्ती आणि फिर्यादच अधिक आली. सत्तरच्या दशकातल्या एका रेखाटनावरून १९९६ मध्ये वाद पेटवला गेला. १९९८ मध्ये त्यांच्या मुंबईच्या घरावर हल्ला झाला. खटल्यांचा आणि धमक्यांचा मारा वाढला आणि २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील तक्रारी रद्द केल्या. तरी ते परतू शकले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. राममनोहर लोहियांच्या सांगण्यावरून ज्याने हैदराबादेत वर्षानुवर्षे रामायणाची चित्रे काढली, गजानन माधव मुक्तिबोधांच्या मृत्यूनंतर ज्याने पायांत वहाण घालणे सोडले, त्याला पंढरपूरची माती मिळाली नाही. हा आपल्या सर्वांच्या काळजातला सल आहे.

पण हा सल उगाळताना एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. २००४ मध्ये हुसेन यांचा 'मीनाक्षी' हा चित्रपट आला तेव्हा त्यातल्या 'नूर-उन-अला' या गाण्यात कुराणातले शब्द वापरले म्हणून मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि तो चित्रपट पडद्यावरून काढून घेतला गेला. त्या वेळी आपल्यापैकी किती जणांनी ते गाणे आधी ऐकून मग मत दिले? ज्यांनी त्यांची चित्रे न पाहता त्यांना धर्मद्रोही ठरवले आणि ज्यांनी त्यांचे गाणे न ऐकता त्यांना दोषी ठरवले, त्यांच्यात मला प्रकाराचा फरक दिसत नाही. प्रमाणाचा आहे, आणि तो मोठा आहे. घर फोडणे आणि निवेदन देणे एकच नव्हे. दुखावलेल्या भावना खोट्या होत्या असेही मी म्हणणार नाही. एवढेच म्हणतो की, न पाहता दुखावलेली भावना ही कलावंताने दुखावलेली नसते. ती सांगणाऱ्याने दुखावलेली असते.

निवेदनाचा आवाज बंद करणारा हा सतरा मिनिटांचा अनुबोधपट म्हणूनच मला आज फार मोलाचा वाटतो. आपल्या हातातला मोबाईल दिवसभर आपल्याला सांगत असतो की हे पाहा, आणि पाहून असा संताप करा. चित्र एक असते, त्याखालची चार ओळींची चिथावणी दुसरीच असते, आणि आपण ओळी वाचून चित्र पाहिल्याचे समाधान मानतो. आपल्यावर होणाऱ्या आरोपांचा मोठा भाग अशा ओळींतून आलेला आहे. दाढी, टोपी, बुरखा यांच्याकडे लोक पाहत नाहीत. त्यांच्याबद्दल जे ऐकले आहे ते त्यांच्यावर पाहतात. ज्याला स्वतःकडे कोणी नीट पाहावे असे वाटते, त्याने आधी स्वतः नीट पाहायला शिकले पाहिजे. हा कलेचा प्रश्न आहे, तसा तो आपल्या जगण्याचाही आहे.

आपल्या साहित्य संमेलनांत, वाचनालयांत, उर्दू आणि मराठी शाळांत हा अनुबोधपट दाखवला गेला पाहिजे. त्याला खर्च नाही. मात्र आधी प्रास्ताविक नको, हुसेन किती थोर होते याचे भाषण नको, वादाची उजळणी नको. सतरा मिनिटे पाहू द्यावे. मग विचारावे, काय दिसले? कोणी कंदील सांगेल, कोणी हातावरची खूण दाखवेल, कोणी त्या बायकांची बाजू घेऊन भांडेल, कोणी तसवीर जायज की नाजायज असे विचारील. सगळ्यांना बोलू द्यावे. वारूळवाडीत आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो आणि त्यात हुसेन हिंदूंचे की मुसलमानांचे हा विषय एकदाही निघाला नाही. त्या नमाजी गृहस्थांचे समाधान झाले नाही. तसे ते स्पष्ट म्हणाले. पण निघताना त्यांनी विचारले की, त्या दुसऱ्या चित्रकाराचा तो बैलवाला सिनेमा कधी दाखवणार?